उकिडवं बसणं, चिनी आणि जपानीत: नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

चिनी किंवा जपानी शिकायला घेतलं की बसणं, उठणं, चालणं ही क्रियापदं पहिल्या काही धड्यांतच येतात. उकिडवं बसणं मात्र पुस्तकात फार उशिरा येतं. तोवर ग्रुप फोटो काढताना, दवाखान्यात किंवा स्टेशनवर कुणाच्या तरी तोंडून तो शब्द कानावर पडलेला असतो आणि आपण नुसतेच उभे राहिलेलो असतो. पुण्यात जपानी शिकणारे पुष्कळ आहेत, त्यांतले बरेच जण पुढे जपानला जातात. कामधंद्यासाठी चीन, तैवान, हाँगकाँगच्या खेपा करणारेही आता कमी नाहीत. या सगळ्यांसाठी हा लेख आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. चिनी भाषा या कामासाठी एकच क्रियापद घेते आणि त्याच्या मागे छोटे छोटे तुकडे जोडून हवा तो अर्थ काढते. जपानी भाषा क्रियापदच बदलते. शरीराचा आकार काय झालाय आणि माणूस खाली का झालाय, हे पाहून ती शब्द निवडते. म्हणून चिनी शिकताना मागचे तुकडे घोका आणि जपानी शिकताना प्रसंग लक्षात ठेवा.

पहिली पायरी: शरीर कसं आहे ते आधी मराठीत ठरवा

बहुतेक जण इंग्रजी शब्द घेऊन शब्दकोशात शिरतात आणि तिथेच गल्लत होते, कारण इंग्रजीत या शब्दांच्या हद्दी एकमेकींत घुसलेल्या आहेत. मराठीतून गेलात तर वाट सोपी आहे. आपल्याकडे उकिडवं बसणं वेगळं, चवड्यांवर बसणं वेगळं, ओणवं होणं वेगळं, अंगाचं मुटकुळं करणं वेगळं, फतकल मारणं वेगळं आणि दबा धरून बसणं आणखी वेगळं. या प्रत्येकाला पलीकडे जवळपास नेमका जोडीदार सापडतो.

समोर माणूस दिसला की तीन गोष्टी पाहा. बूड जमिनीला टेकलंय का? टेकलं असेल तर ते साधं बसणं झालं. चिनीत 'च्वो', जपानीत 'सुवारु'. टेकलं नसेल तर गुडघे पूर्ण दुमडलेत की नुसती कंबर वाकलीय? आणि तिसरं, तो आपल्या मर्जीने बसलाय की दुखण्याने, थकव्याने, भीतीने खाली गेलाय? तिसरा प्रश्न चिनीत फारसा आड येत नाही. जपानीत त्याच्यावरच सगळं अवलंबून आहे.

दुसरी पायरी: दोन मूळ शब्द आणि त्यांचे उच्चार

चिनी शब्द 'तुअन'. रोमन लिपीत, म्हणजे पिनयिनमध्ये, तो डी, यू, एन अशा अक्षरांनी लिहितात. ती 'डी' पाहून 'डुन' म्हणू नका. चिनीत आपल्यासारखे घोष ग, ड, द, ब नाहीत. तिथला फरक अल्पप्राण आणि महाप्राण असा आहे, आणि क-ख, त-थ, प-फ वेगळे म्हणणाऱ्या मराठी जिभेला तो आयताच येतो. पिनयिनमधली बी, डी, जी ही अक्षरं आपल्या प, त, क च्या जवळची आहेत आणि पी, टी, के ही फ, थ, ख च्या (हा फ ओठ मिटून म्हणायचा). या लेखात मी चिनी शब्द त्याच हिशेबाने लिहिले आहेत.

'तुअन' पहिल्या स्वरात (चिनीत स्वर म्हणजे आवाजाचा चढउतार) म्हणायचा, म्हणजे आवाज वर ठेवून सपाट, न हलवता. तोच उच्चार चौथ्या स्वरात, वरून खाली टाकून म्हटला तर अर्थ होतो मंद आचेवर शिजवणं. तिसऱ्या स्वरात गेला तर तो डुलकी या अर्थाच्या शब्दात जाऊन बसतो. वाक्यात संदर्भ सांभाळून घेतो, पण एकटा शब्द म्हणताना स्वर नीट लावा.

जपानी शब्द 'शागामु'. शेवटचा 'मु' आखूड, ओठांचा चंबू न करता. तो 'योमु', म्हणजे वाचणे, या क्रियापदासारखा चालतो. 'योमु'चं 'योन्दे' होतं तसं 'शागामु'चं 'शागान्दे'. नम्र रूप 'शागामिमासु', नकारार्थी 'शागामानाइ', 'बसता येतं' यासाठी 'शागामेरु'. 'योमु' पाठ असेल तर नवीन काही शिकायचं नाही.

ग्रुप फोटो हा दोन्ही शब्दांचा पहिला उपयोग. चीनमध्ये फोटो काढणारा ओरडतो, 'छ्यानफाय तुअन-श्या!', पुढच्या रांगेने खाली बसा. जपानमध्ये तेच 'माए नो हितो वा शागान्दे कुदासाइ' असं ऐकू येतं.

तिसरी पायरी: चिनी क्रियापदाच्या मागचे तुकडे

इथे थोडा वेळ द्या, कारण चिनीतलं बहुतेक काम याच पायरीवर होतं.

'तुअन-श्या' म्हणजे खाली बसण्याची क्रिया. उभा होता, आता गुडघे दुमडून खाली गेला. 'तुअन-च' म्हणजे बसलेल्या अवस्थेत असणं. 'तुअन-च छफान' म्हणजे उकिडवं बसून जेवणं. 'तुअन चाय तीशांग' म्हणजे जमिनीवर उकिडवं बसलेला. यातल्या 'चाय'चा च आपल्या 'चूल'मधल्या च सारखा दंत्य आहे. मधे 'पु' घातला की जमत नाही असा अर्थ येतो: 'वो तुअन-पु-श्याछ्यू', मला खाली बसता येत नाही. आणि बराच वेळ बसून पायांना मुंग्या आल्या तर 'थ्वेइ तुअन मा ल'. शब्दशः घेतलं तर पाय, उकिडवं बसणं, बधिर, झालं. चार छोट्या शब्दांत कारण आणि परिणाम दोन्ही आले.

'तुअन-श्या' आणि 'तुअन-च' यांतला फरक इंग्रजीतून शिकणाऱ्यांना अडवतो. आपल्याला अडू नये. 'तो खाली बसतोय' आणि 'तो खाली बसलाय' हे मराठीत आपण सहज वेगळं म्हणतो. 'बसलाय' म्हणजे बसण्याची क्रिया झाली आणि माणूस अजून तसाच आहे. चिनी 'तुअन-च' आणि जपानी 'शागान्दे इरु' हे दोन्ही या 'बसलाय'चे जोडीदार आहेत. 'शागान्दे इरु' याचं भाषांतर करताना हात आपोआप 'बसत आहे'कडे वळतो, कारण व्याकरणाच्या पुस्तकात 'ते इरु' म्हणजे चालू काळ असं शिकवलेलं असतं. या क्रियापदांपुरतं ते विसरा. 'सुवात्ते इरु' बसलाय, 'तात्ते इरु' उभा आहे, 'शागान्दे इरु' उकिडवा बसलाय.

उठायचं झालं की चिनीत 'चान छीलाय' आणि जपानीत 'ताचिआगारु'. हे दोन शब्द सोबतच शिका. बसवून ठेवलं आणि उठवता आलं नाही, असं व्हायला नको.

चौथी पायरी: जपानीतले तीन शब्द, तीन प्रसंग

'शागामु', 'कागामु' आणि 'उझुकुमारु'. हे तिघे शब्दकोशात एकमेकांकडे बोट दाखवतात, म्हणून शब्दकोशावर थांबू नका.

'शागामु' म्हणजे गुडघे दुमडून कंबर खाली आणणं. रस्त्याकडेचं फूल पाहायला, लहान मुलाशी त्याच्या उंचीवर येऊन बोलायला, दुकानातल्या खालच्या फळीवरची वस्तू पाहायला. टाचा टेकल्यात की उचलल्यात याची हा शब्द पर्वा करत नाही. यात दुःख नाही, नम्रता नाही, काहीच नाही. नुसती हालचाल आहे.

'कागामु'मध्ये शरीर वाकलं की पुरे. कंबर वाकवली, पाठ पुढे झुकवली किंवा थोडे गुडघेही मोडले. ठेंगण्या दारातून आत शिरताना, पडलेलं नाणं उचलताना, मास्तरांच्या मागून फोटोत न येता पलीकडे जाताना. आपलं वाकणं आणि ओणवं होणं याच्या हद्दीत येतं. 'माएकागामि' म्हणजे पुढे झुकलेली पाठ. संगणकासमोर तासन्‌तास बसणाऱ्यांना हा शब्द हमखास ऐकायला मिळतो. स्वतःचं अंग वाकवणं यासाठी 'मि ओ कागामेरु' असं सकर्मक रूप वापरतात. बुटाची नाडी बांधताना मात्र 'शागामु' आणि 'कागामु' दोन्ही चालतात, तिथे भांडत बसू नका.

'उझुकुमारु' हा खरा महत्त्वाचा शब्द. यात शरीर गोल होतं, हात पोटाशी किंवा डोक्याशी जातात, मान आत ओढली जाते. कारण बहुतेक वेळा दुखणं, थंडी, भीती किंवा रडू असतं. मांजरही कोपऱ्यात अशी बसली की हाच शब्द. मराठीत अंगाचं मुटकुळं करून बसणं म्हणतो ते हेच.

स्टेशनच्या फलाटावर एखादा माणूस पोट धरून खाली गेला आहे असं समजा. तुम्ही कर्मचाऱ्याला जाऊन 'हितो गा शागान्दे इमासु' म्हणालात, तर कुणीतरी खाली बसलंय एवढंच त्याला कळेल. दमला असेल, फोन पाहत असेल. 'एकि नो होमु दे हितो गा उझुकुमात्ते इमासु' म्हणालात तर तो लगेच हलेल, कारण या क्रियापदात 'काहीतरी बिघडलंय' हे आधीच आलेलं आहे. ११९ वर फोन करून रुग्णवाहिका बोलावतानाही हेच. एवढ्या एका वाक्यासाठी तरी हा शब्द पाठ करून ठेवा. चीनमध्ये हाच प्रसंग आला तर क्रियापद बदलत नाही, मागचा तुकडा बदलतो: 'था तुअन चाय तीशांग, छी पु लाय ल', तो खाली बसलाय आणि त्याला उठता येत नाहीये. तिथे रुग्णवाहिकेचा नंबर १२० आहे. शरीर आक्रसून घेण्यासाठी चिनीत 'छ्वेन-स्वो' असा शब्द आहेच, पण घाईत 'छी पु लाय' पुरतं.

'शागामु'ला 'कोमु' जोडलं की 'शागामिकोमु' होतं, म्हणजे बसकण मारणं, खाली गेलं आणि तिथेच राहिलं. आणि खेळाच्या मैदानावर प्रशिक्षक ज्याला 'कोशि ओ ओतोसु' म्हणतात, ते म्हणजे कंबर खाली घ्या, गुडघे सैल सोडा. तिथे पूर्ण उकिडवं बसणं अपेक्षित नसतं.

बेसबॉलच्या बातम्या वाचणाऱ्यांसाठी एक टीप. चेंडू झेलणारा कॅचर जे काही करतो ते आपल्या डोळ्यांना स्वच्छ उकिडवं दिसतं, पण जपानी पत्रकार त्याला 'सुवारु' म्हणतात, नुसतं बसणं. सराव करणाऱ्या गोलंदाजाने 'कॅचरला बसवून' चेंडू टाकले अशी बातमी असली, की तो आता पूर्ण ताकदीने टाकू लागलाय असं समजायचं. तैवानच्या बातम्यांत मात्र कॅचरसाठी 'तुअन-पू' हा शब्द असतो, उकिडवं बसून झेलणं.

पाचवी पायरी: अक्षर ओळखायला शिका

'तुअन'चं अक्षर पहिल्यांदा पाहिलं की धडकी भरते, कारण त्यात १९ रेघा आहेत. पण ते दोनच भागांचं बनलेलं आहे. डावीकडे सात रेघांचं 'पाय' हे अक्षर अरुंद होऊन बसलेलं असतं. जुन्या कोशांत अक्षरं ज्यांच्याखाली लावतात त्या २१४ मूलकांच्या, म्हणजे मूळ घटकांच्या, यादीत ते १५७ वं आहे. धावणं, उडी मारणं, लाथ मारणं, गुडघे टेकणं, रस्ता, या सगळ्यांच्या अक्षरांत डावीकडे हाच पाय दिसतो. उजवीकडे आदर या अर्थाचं अक्षर आहे, पण ते इथे अर्थासाठी आलेलं नाही, उच्चारासाठी आलं आहे. त्याचा चिनी उच्चार 'चुअन' (च दंत्य), जपानी उच्चार 'सोन'. हा 'सोन' ध्यानात ठेवा, पुढच्या पायरीवर लागेल.

म्हणजे पाय अर्थ सांगतो, उरलेला भाग आवाज सांगतो. अक्षर हाताने गिरवून शोधता येईल असं शब्दकोशाचं अ‍ॅप फोनमध्ये ठेवा आणि आधी डावीकडचा पाय काढा. अर्धी यादी तिथेच गळून जाते.

जपानीत हे अक्षर तुम्हाला रोजच्या मजकुरात जवळजवळ दिसणार नाही. शाळा आणि सरकारी वापरासाठी ठरवलेली २,१३६ अक्षरांची जोयो यादी आहे, तिच्यात ते नाही. म्हणून 'शागामु' आणि 'उझुकुमारु' हिरागानातच, म्हणजे जपानीच्या उच्चारलिपीतच, लिहितात. 'कागामु'साठी एक सोपं अक्षर आहे, तेच काही जण 'शागामु'साठीही वापरतात. त्यामुळे कादंबरीत ते अक्षर भेटलं तर वाचायचं कसं, हे लेखकाने शेजारी बारीक अक्षरात दिलेल्या उच्चारावरून किंवा संदर्भावरून ठरवावं लागतं. स्वतः लिहिताना हिरागानाच वापरा.

सहावी पायरी: एक अक्षरजोडी, तीन ठिकाणं

'तुअन'चं अक्षर आणि त्याच्याच अर्थाचं दुसरं, जुनं अक्षर 'च्यू', यांची जोडी चीन आणि जपानमध्ये कुठे कुठे पोचली आहे ते पाहण्यासारखं आहे. मला या सगळ्या विषयात हा भाग सर्वांत आवडतो.

चीनमध्ये ही जोडी, 'तुअन-च्यू', धावपटूंच्या तोंडी आहे. शंभर मीटरच्या शर्यतीत हात जमिनीला टेकवून, ठोकळ्यांवर पाय रोवून जी सुरुवात करतात तिला या जोडीवरून नाव आहे. जपानी धावपटू तिथे इंग्रजीवरून घेतलेला 'कुराउचिंगु सुताआतो' वापरतात.

जपानमध्ये तीच जोडी 'सोंक्यो' अशी वाचतात आणि ती सुमो व केंदोच्या आखाड्यात भेटते. सोंक्योमध्ये टाचा उचललेल्या असतात, बूड टाचांवर, गुडघे दोन्ही बाजूंना उघडे आणि पाठ ताठ. म्हणजे आपलं चवड्यांवर बसणं, पण कणा सरळ ठेवून. केंदोत दोघे खेळाडू लढतीच्या आरंभी बांबूची तलवार उपसत या आसनात उतरतात आणि शेवटी याच आसनात ती म्यान करतात. सुमो पैलवान लढतीआधीचे विधी याच बैठकीतून करतात. इथे 'शागामु' म्हणू नका. हालचाल तीच दिसली तरी सोंक्यो हा प्रतिस्पर्ध्याला दिलेला मान आहे. केंदोच्या वर्गात जाणार असाल तर घोट्यांची तयारी आधीपासून करा. टाचा टेकवून तासभर बसू शकणाऱ्या माणसालाही सोंक्योत तोल सांभाळणं अवघड जातं.

तिसरं ठिकाण चहाच्या विधीची बाग. तिथे चहाच्या खोलीत जाण्याआधी पाहुणा एका ठेंगण्या दगडी कुंडापाशी हात आणि तोंड धुतो. कुंड मुद्दाम इतकं खाली असतं की वाकल्याशिवाय, खाली बसल्याशिवाय पाणी घेता येत नाही. त्याचं नाव 'त्सुकुबाइ'. 'त्सु'चा उच्चार आपल्या 'चूक'मधल्या दंत्य च सारखा. हे नाव 'त्सुकुबाउ', म्हणजे खाली बसणं, या जुन्या क्रियापदावरून आलं आणि लिहिताना पुन्हा तीच जोडी. कुंडासमोर पाहुण्याने बसायचा जो सपाट दगड असतो त्याला 'माएइशि' म्हणतात. रोजच्या बोलण्यात हे जुनं क्रियापद आता एकटं ऐकू येत नाही, पण लोटांगण घातल्यासारखं जमिनीला चिकटणं यासाठीच्या 'हाइत्सुकुबारु'मध्ये ते टिकून आहे.

क्योटोच्या र्‍योआन-जि मंदिरातलं त्सुकुबाइ प्रसिद्ध आहे. दगड जुन्या नाण्यासारखा गोल आणि मधे चौकोनी खळगा, त्यात पाणी. खळग्याभोवती चार बाजूंना चार अर्धवट चिन्हं कोरली आहेत. एकेकटं वाचू गेलं तर त्यांतून वाक्य निघत नाही. पण मधला चौकोन हेच 'तोंड' हे अक्षर आहे, ते प्रत्येकाला जोडायचं. मग वरून उजवीकडे फिरत चार पूर्ण अक्षरं होतात आणि वाक्य बनतं: 'वारे तादा तारु ओ शिरु', आहे तेवढं पुरे, इतकंच मी जाणतो. आता खालचं अक्षर नीट पाहा. 'पुरेसं' या अर्थाने तिथे जे कोरलं आहे ते 'पाय' याच अक्षराने लिहितात. ज्या पायाने 'तुअन'ची डावी बाजू बनली, तोच पाय खाली बसायला लावणाऱ्या या कुंडावर आहे.

सातवी पायरी: चिनी 'तुअन' बसण्याच्या पलीकडे

'तुअन'चा अर्थ फार लांबवर जातो, आणि वर्तमानपत्र किंवा फोनवरच्या गप्पा वाचायच्या तर हे अर्थ लागतातच.

'तुअन च्येन-यू' म्हणजे तुरुंगात असणं. आपण खडी फोडायला गेला म्हणतो तशाच बोलीतला हा प्रयोग. 'तुअन-शौ' म्हणजे पोलिसांनी किंवा पत्रकारांनी एखाद्या जागी दबा धरून बसणं. 'तुअन-त्येन' म्हणजे अधिकाऱ्याने किंवा बातमीदाराने एखाद्या गावात, कारखान्यात मुक्काम ठोकून परिस्थिती पाहणं. सरकारी चिनीत हा शब्द सारखा येतो. समाजमाध्यमांवर कुणी वस्तूचा फोटो टाकला आणि खाली कुणी 'तुअन' एवढंच लिहिलं, तर त्याचा अर्थ 'मी इथे वाट पाहतोय, दुवा किंवा पुढची माहिती आली की कळवा'.

शेतीतला 'तुअन-म्याओ' हा शब्द आपल्या शेतकऱ्याला लगेच पटेल. रोप कोवळं असताना पाणी आखडतं घ्यायचं, म्हणजे ते वर न वाढता मुळं खोल सोडतं. आपण पिकाला ताण देणं म्हणतो. चिनी शेतकरी रोपाला खाली बसवतो.

या सगळ्यांत समान धागा एकाच जागी टिकून राहण्याचा आहे. तो पकडला की नवीन प्रयोग दिसल्यावरही अंदाज चुकत नाही.

जुन्या 'च्यू' या अक्षराचं स्वतंत्र आयुष्यही आहे. 'हू-च्यू' म्हणजे वाघ बसावा तसं. नानजिंगच्या भूरचनेचं वर्णन करणाऱ्या प्रसिद्ध म्हणीत ते येतं आणि त्या शहरात त्या नावाचा रस्ताही आहे. 'फान-च्यू' म्हणजे दुसऱ्याच्या मुलखात ठाण मांडून बसणं. आणि 'ची-च्यू' म्हणजे पाय पसरून फतकल मारणं. यातल्या 'ची'चा अर्थ धान्य पाखडायचं सूप, कारण पसरलेल्या पायांचा आकार तसा होतो. प्राचीन चीनमध्ये चटईवर गुडघे मोडून बसण्याची रीत होती, तिथे असं बसणं उघड बेअदबी होती. बायको वारल्यावर तत्त्वज्ञ च्वांगत्स असाच फतकल मारून, मडकं वाजवत गात बसला होता, ही कथा चिनी वाचकाला अस्वस्थ करते ती या बैठकीमुळेही.

इथेच एक सापळा. आंग ली यांच्या २००० सालच्या चित्रपटाच्या इंग्रजी नावात ('क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन') वाघ दबा धरून बसलेला आहे. त्यावरून मूळ नावात 'तुअन' किंवा 'च्यू' असेल असं वाटतं. तसं नाही. मूळ शब्द 'वो', म्हणजे आडवं होणं, पहुडणं.

आठवी पायरी: रोजच्या गरजेचे शब्द

शौचालय. चीनमध्ये भारतीय पद्धतीच्या भांड्याला 'तुअन-प्येन-छी' म्हणतात, बोलताना 'तुअन-खंग'. कमोड म्हणजे 'मा-थुंग'. जपानमध्ये 'वाशिकि' म्हणजे जपानी, उकिडवं बसायचं आणि 'योशिकि' म्हणजे पाश्चात्त्य. जपानी भांड्याच्या एका टोकाला घुमटासारखा उंचवटा असतो, त्याला 'किनकाकुशि' म्हणतात. तोंड त्या उंचवट्याकडे करून बसायचं. आपल्या सवयीने दाराकडे तोंड केलंत तर उलटं होईल.

दवाखाना. गुडघा दुखत असेल तर जपानी डॉक्टरला 'शागामु तो हिझा गा इताइ देसु' सांगा, खाली बसलं की गुडघा दुखतो. बसताच येत नसेल तर 'शागामेमासेन'. चिनीत वर दिलेलं 'वो तुअन-पु-श्याछ्यू' पुरेसं आहे.

व्यायाम. चिनीत 'शन-तुअन', खोल बैठक. जपानीत 'सुकुवात्तो'. आणि आपल्या तालमीतल्या बैठकांना जपानमध्ये 'हिंझू सुकुवात्तो' असं नाव आहे. तिथले व्यावसायिक कुस्तीगीर त्या शेकड्यांनी मारतात. जोर-बैठका मारलेल्या माणसाने जपानी व्यायामशाळेत हा शब्द जरूर वापरावा, ओळख पटकन होते.

भूकंप. जपानमध्ये सराव घेताना तीन सूचना देतात: 'माझु हिकुकु, आतामा ओ मामोरि, उगोकानाइ'. आधी खाली व्हा, डोकं सांभाळा, हलू नका. यात 'शागामु' येत नाही, 'खाली' एवढंच येतं, कारण गुडघे टेकून अंग लहान करायचं असतं. बालवाड्यांत मुलांना हे 'दांगोमुशि नो पोझु' म्हणून शिकवतात. दांगोमुशि हा स्पर्श होताच गोळी होणारा किडा. तैवानमध्ये सूचना आहे 'फा-श्या, येन-हू, वन-चू', आणि तिथला 'फा' म्हणजे पालथं होणं. कानावर 'तुअन' पडण्याची वाट पाहू नका.

टाळायचे शब्द. दुकानासमोर टाचा टेकवून, गुडघे फाकवून बसणाऱ्या टवाळ पोरांच्या बैठकीला जपानीत 'यांकि-झुवारि' म्हणतात. 'यांकि' म्हणजे तिथली उनाड पोरं. तिचंच दुसरं, शी-शूवरून आलेलं नाव 'उंको-झुवारि'. दोस्तांत ठीक, ऑफिसात नको. आपण सहज बसतो तशी ती बैठक दिसते, म्हणून फलाटावर किंवा ऑफिसच्या दाराशी टाचा टेकवून बसताना जरा आजूबाजूला पाहा.

नववी पायरी: प्रांत बदलला की शब्द बदलतो

'तुअन' ही प्रमाण चिनी. शान्शी आणि शेजारच्या वायव्य भागात गावचा माणूस 'क-च्यौ' म्हणेल. शीआन ही ज्याची राजधानी, त्या शान्शी प्रांतातल्या 'आठ अजब गोष्टीं'च्या लोकप्रिय यादीत एक अशी आहे की बाकडं असलं तरी त्यावर न बसता लोक उकिडवे बसतात. त्या भागात मोठाल्या वाडग्यात शेवया घेऊन गावकरी दारासमोर एकत्र उकिडवे बसून जेवत आणि गप्पा मारत. त्याला 'लाओ-वान-ह्वेइ' म्हणतात, वाडग्यांची बैठकच.

हाँगकाँग आणि ग्वांगडोंगच्या कँटोनीजमध्ये शब्द 'माउ', आवाज वर आणि सपाट. उकिडवं शौचालय 'माउ-छी', तुरुंगात जाणं 'माउ-काम'. म्हणजे शब्द वेगळा असला तरी तुरुंगाचा अर्थ इथेही चिकटलेला आहे. तैवानी होक्कियनमध्ये, म्हणजे तैवानच्या स्थानिक बोलीत, 'खू' म्हणतात, आवाज खालून वर नेत. तैवानच्या बाजारात भाजी निवडताना आजीबाई 'खू' म्हणाल्या तर त्या तुम्हाला खाली बसून टोपल्या नीट पाहायला सांगत आहेत. 'तुअन' म्हणालात तरी त्यांना समजेल.